बायोलॉजीच्या बीएस्सीत घातलेला पैसा निघतो का? नोकरी देणाऱ्या बाजूने एक हिशेब

काटोलच्या एका वडिलांनी प्रश्न विचारला आहे. घरी चार एकर संत्रा आणि गावात छोटं किराणा दुकान. मुलगी यंदा बारावी झाली. नीटमध्ये एमबीबीएस दूरच, बीएएमएसलाही पुरतील असे गुण नाहीत. तिला बायोलॉजी मनापासून आवडतं. पुण्याच्या एका खासगी विद्यापीठात बायोटेक्नॉलॉजीची बीएस्सी मिळते आहे, फी वर्षाला दीड लाख. नागपूरच्या अनुदानित कॉलेजातही बीएस्सीला प्रवेश मिळतोय. घरातल्या काहींचं म्हणणं असं की एक वर्ष ड्रॉप घ्यावा आणि नीट पुन्हा द्यावी. भाऊंचा प्रश्न थेट आहे: "बीएस्सी बायोवर पैसा लावला तर तो निघतो का, आणि किती वर्षांत?"

मी बरीच वर्षं औषध कंपन्यांच्या मायक्रोबायोलॉजी विभागात काढली आणि आता पाणी व अन्नाचे नमुने तपासणाऱ्या लॅबचं काम बघते. बीएस्सी-एमएस्सी झालेल्या मुलामुलींच्या मुलाखती घेणं हा त्या कामाचाच भाग आहे. त्यामुळे माझं उत्तर कॉलेजच्या माहितीपत्रकातून आलेलं नाही, पगार ठरवणाऱ्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूने आलेलं आहे. खालचे फी-पगाराचे आकडे नागपूरच्या पट्ट्यात मला दिसतात ते, साधारण आहेत. तुमच्या कॉलेजची पावती वेगळी असू शकते.

आधी प्रश्नच थोडा सरळ करून घेऊ. "निघतो का" असं विचारताना आपण बीएस्सीला एकच गुंतवणूक धरतो: तीन वर्षं पैसे घातले, मग नोकरी लागली, मग वसुली. इंजिनिअरिंगला किंवा नर्सिंगला हा हिशेब बऱ्यापैकी चालतो, कारण तिथे पदवीच्या शेवटी एक ठरलेलं काम उभं असतं. बायोलॉजीच्या बीएस्सीच्या शेवटी तसं काम नाही. ती पदवी म्हणजे पुढच्या कशाची तरी पात्रता आहे. एमएस्सी, डीएमएलटी (प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा डिप्लोमा), बीएड, एमपीएससी किंवा कारखान्यातली क्वालिटी कंट्रोलची खालची पायरी. म्हणून खरा प्रश्न असा आहे: पदवी कमीत कमी पैशांत कशी पदरात पाडायची, आणि वाचलेला पैसा व वेळ पुढच्या कोणत्या पायरीसाठी राखून ठेवायचा. पुणे की नागपूर हा वाद या प्रश्नाच्या पोटात आपोआप सुटतो.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत. तुमचा प्रवर्ग, उत्पन्नाचा दाखला किती रकमेचा निघतो, मुलीचे बारावीचे टक्के, आणि तीन-चार वर्षांनी ती नोकरीसाठी हैदराबाद-अहमदाबादला जाऊ शकेल का. यातली शेवटची गोष्ट पगारावर सगळ्यात जास्त परिणाम करते आणि नेमकी तीच घरात कोणी बोलत नाही.

आता आकडे. नागपूरच्या अनुदानित कॉलेजात बीएस्सीची फी वर्षाला १५ हजार धरा. काही ठिकाणी कमी असते, आणि त्याच कॉलेजातली विनाअनुदानित तुकडी असेल तर जास्त. बायोटेक आणि मायक्रोबायोलॉजी बऱ्याचदा विनाअनुदानित असतात, त्यामुळे कॉलेज अनुदानित आहे एवढ्यावर थांबू नका, विषय अनुदानित आहे का ते विचारा. तीन वर्षांची फी ४५ हजार. खोली आणि मेस महिन्याला ८ हजार, वर्षातले दहा महिने, म्हणजे तीन वर्षांचे २ लाख ४० हजार. पुस्तकं, जर्नल, अॅप्रन, परीक्षा शुल्क, अधूनमधून घरी येणं-जाणं मिळून ३० हजार. बेरीज ३ लाख १५ हजार. यात फीचा वाटा फक्त सातवा हिस्सा आहे, बाकी बहुतेक राहण्या-खाण्याचं.

पुण्याची बेरीज: फी साडेचार लाख, राहणं-खाणं महिन्याला १२ हजार धरलं तर ३ लाख ६० हजार, वरखर्च तेवढाच ३० हजार. एकूण ८ लाख ४० हजार. फरक सव्वापाच लाखांचा.

हा सव्वापाच लाखांचा फरक पगारात दिसतो का, हे मी रोज बघते म्हणून सांगते. नव्या बीएस्सीला या भागातल्या औषध कारखान्यात किंवा तपासणी लॅबमध्ये हातात साधारण १३ ते १७ हजार मिळतात. छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये त्याहूनही कमी. तो आकडा पदाला लावलेला असतो, कॉलेजच्या फीला नाही. मोठ्या फीच्या कॉलेजातली मुलगी बोलण्यात चुणचुणीत असते, इंग्रजी बरं असतं, त्यामुळे समजा तिला महिन्याला ३ हजार जास्त मिळाले. वर्षाला ३६ हजार. सव्वापाच लाख वसूल व्हायला साडेचौदा वर्षं लागतील, तेही व्याज न धरता. व्याज धरलं तर आणखी बिकट. सव्वापाच लाखांचं शैक्षणिक कर्ज दहा टक्क्यांनी सात वर्षांत फेडायचं तर हप्ता साधारण ८,७०० रुपये बसतो. हातात १६ हजार आणि त्यातून ८,७०० बँकेला. मग ती मुलगी परगावी राहणार कशी? या रकमेला बँक तारण मागत नाही म्हणून घरच्यांना ते कर्ज सोपं वाटतं. तारण मात्र मुलीच्या पहिल्या सात वर्षांचं पडलेलं असतं.

एक अपवाद मान्य करते. आयसर किंवा तशा तोलाच्या राष्ट्रीय संस्थेत प्रवेश मिळत असेल तर घर सोडून जाण्यात अर्थ आहे, कारण तिथे शिकवणारे स्वतः संशोधन करतात आणि मुलांच्या हाताला दुसऱ्या वर्षापासून खरं काम लागतं. त्या नावाला पुढे दारं उघडतात. पण तो मुद्दा त्या मोजक्या संस्थांचा आहे. "प्लेसमेंट असिस्टन्स" असं चकचकीत माहितीपत्रकात छापणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाला तो लागू होत नाही. त्या पुण्याच्या विद्यापीठाला एकच विचारा: गेल्या वर्षी बीएस्सी बायोटेक झालेल्या किती मुलांना नोकरी लागली, कोणत्या कंपनीत आणि किती पगारावर? बीटेक आणि एमबीएचे आकडे मिसळून दिले तर काय समजायचं ते समजून घ्या.

मग अनुदानित कॉलेजातली बीएस्सी म्हणजे स्वस्तात मस्त का? तसंही नाही. स्वस्त पदवीत मुलीने स्वतः काही भर घातली नाही, तर ती पदवी बाजारात पडून राहते. मुलाखतीत काय होतं ते सांगते, म्हणजे भर कशाची घालायची ते कळेल.

ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणारं यंत्र) किती तापमानाला, किती वेळ? १२१ अंश, १५ मिनिटं. हे सगळ्यांना पाठ असतं. पुढचा प्रश्न: ती १५ मिनिटं कधीपासून मोजायची? बटण दाबल्यापासून, की आतली हवा निघून जाऊन तापमान १२१ ला पोहोचल्यापासून? इथे निम्मी मुलं गडबडतात, कारण कॉलेजात ऑटोक्लेव्ह लॅब असिस्टंटने लावलेला असतो आणि यांनी लांबून पाहिलेला असतो. मग विचारते, औषधाच्या नमुन्यातले जिवाणू मोजायला सोयाबीन केसीन डायजेस्ट अगारची प्लेट कोणत्या तापमानाला ठेवशील? बिनधास्त उत्तर येतं, ३७. कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये सगळं ३७ लाच ठेवतात. फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानकग्रंथात, जिवाणूंसाठी ३० ते ३५ आहे आणि बुरशीसाठी साबुरो डेक्स्ट्रोज अगारवर २० ते २५. हे पुस्तकातच आहे, पण कोणी उघडून पाहिलेलं नसतं. शेवटी एक कोरा तक्ता पुढे सरकवते आणि मुद्दाम चुकीचा आकडा लिहायला लावून म्हणते, आता दुरुस्त कर. जी मुलगी त्यावर एकच रेघ मारते, शेजारी बरोबर आकडा लिहून सही आणि तारीख टाकते, तिला मी बहुतेक वेळा घेते. गिरगटून ठेवणाऱ्याला किंवा व्हाइटनर आहे का विचारणाऱ्याला शिकवायला सहा महिने जातात. नोंदीतली खाडाखोड हा औषध कंपनीच्या ऑडिटमधला सगळ्यात नाजूक विषय आहे.

हे शिकायला पुण्याची फी लागत नाही. सुट्टीतले दोन महिने लागतात. नवीन अभ्यासक्रमात ऑन-जॉब ट्रेनिंगचे क्रेडिट आहेतच. बहुतेक मुलं ओळखीच्या लॅबचं प्रमाणपत्र आणून लावतात आणि मोकळी होतात. तुमच्या लेकीने ते खरंच करावं. नागपुरात त्यासाठी जागांची कमी नाही. पर्यावरणासाठी नीरी आहे, कापसासाठी केंद्रीय कापूस संशोधन संस्था, आणि तुमच्या घरच्याच पिकासाठी केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था. संत्र्याच्या बागेत वाढलेली मुलगी तिथे डिंक्या किंवा ग्रीनिंग या संत्र्याच्या रोगांवर काम करायला गेली तर तिला पहिल्या दिवशीच बाकीच्यांपेक्षा जास्त माहिती असेल. एम्स आणि शासकीय मेडिकल कॉलेजात मायक्रोबायोलॉजीचे विभाग आहेत. खासगीत मिहानला ल्युपिनचा कारखाना आहे, कळमेश्वरला झिम लॅबोरेटरीज, आणि बुटीबोरीत अन्नप्रक्रियेचे उद्योग. बियाण्यांच्या कंपन्यांत उगवणशक्तीची चाचणी, ग्रो-आउट टेस्ट (बी शेतात वाढवून शुद्धता पाहणं) आणि बीटी जनुकासाठी पट्टी किंवा एलायझा चाचणी लावायचं काम असतं, पण ते हंगामी आहे आणि तिथे कृषी पदवीधराला झुकतं माप मिळतं.

पगाराविषयी आणखी एक-दोन बोचऱ्या गोष्टी. नोकरी सांगताना आकडा सीटीसीचा, म्हणजे कंपनीला पडणाऱ्या एकूण खर्चाचा सांगतात. १८ हजार म्हटलं की पीएफ, ईएसआय जाऊन हातात १५-१६ येतात. पहिलं वर्ष बऱ्याचदा अॅप्रेंटिस म्हणून किंवा ठेकेदाराच्या पे-रोलवर जातं. त्यात गैर काही नाही, पण अनुभवपत्र कोणाच्या नावाचं मिळणार हे आधीच विचारून घ्यावं. औषध उद्योगात खरी वाढ नागपुरात बसून होत नाही. दोन-तीन वर्षांचा चांगला अनुभव, विशेषतः इंजेक्शन बनवणाऱ्या स्टराइल (निर्जंतुक) विभागातला, आणि एफडीएची (राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाची) तपासणी-मान्यता नावावर लागली की हैदराबाद, अहमदाबाद, गोवा इथे उडी मारणाऱ्याचा पगार एकदम वर जातो. जी मुलं घर धरून राहतात त्यांचा दरवर्षी हजार-दीड हजाराने सरकतो. वर हैदराबादचा प्रश्न विचारला तो याच्यासाठी.

आता एमएस्सी. लोक समजतात एमएस्सी केली की पगार आपोआप दुप्पट. हिशेब करून बघा. नागपूर विद्यापीठाच्या पदव्युत्तर विभागात फी कमी असते, तरी दोन वर्षांचं राहणं-खाणं धरून दोन लाख जातात. त्या दोन वर्षांत नोकरी केली असती तर महिन्याला १४ हजारांनी ३ लाख ३६ हजार मिळाले असते. म्हणजे एमएस्सीची खरी किंमत सव्वापाच लाखांच्या पुढे. आणि क्वालिटी कंट्रोलमध्ये नव्या एमएस्सीला १८ ते २२ हजार देतात, जे दोन वर्षांचा अनुभव असलेल्या बीएस्सीलाही मिळतात. कारखान्यातच राहायचं असेल तर एमएस्सीची घाई नको. तिचा उपयोग वरची दारं उघडायला होतो: संशोधन, आर अँड डी, कॉलेजात शिकवणं. तिथे एमएस्सीशिवाय आत पाऊलच पडत नाही.

त्या वाटेवरचा आकडा मात्र आकर्षक आहे. सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती मिळाली तर दरमहा ३७,००० आणि वर घरभाडं, दोन वर्षांनी सीनियर झाल्यावर ४२,०००. पीएचडी करताना घरून पैसे मागवावे लागत नाहीत. पण लाइफ सायन्सेसच्या पेपरला देशभरातून गर्दी असते. पहिल्या फटक्यात जेआरएफ काढणारी मुलं बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षापासून मूळ संकल्पना घासत असतात. त्यानंतरही सहायक प्राध्यापकाची कायम जागा म्हणजे ५७,७०० मूळ वेतन हे कागदावर. प्रत्यक्षात नेट-सेट झालेले कितीतरी जण तासिका तत्त्वावर राबताहेत, सुट्टी लागली की मानधन बंद. गंमत म्हणजे बायोलॉजीच्या जोरावर नागपुरात बरा पैसा करणारे मला जास्त दिसतात ते नीटच्या क्लासमध्ये शिकवणारे. त्याला फळ्यासमोर उभं राहण्याची हौस लागते, ती तुमच्या मुलीत आहे का ते तुम्हालाच ठाऊक.

सरकारी परीक्षांबद्दल एक बारीक गोष्ट जिचा विषय निवडताना उपयोग होतो. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या पात्रतेत, २०११ च्या नियमांनुसार, मायक्रोबायोलॉजी, बायोकेमिस्ट्री, बायोटेक्नॉलॉजी या पदव्या बसतात. वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्राचं नाव त्या यादीत नाही. उलट वनसेवेच्या एमपीएससीला, म्हणजे वनक्षेत्रपाल आणि सहायक वनसंरक्षक या पदांना, वनस्पतिशास्त्र-प्राणिशास्त्रवाले बिनदिक्कत बसतात. पेंच-ताडोबा जवळ असल्याने आपल्याकडे दर दुसऱ्या मुलाला वाघांवर काम करायचं असतं. त्या हौसेचा पगारी मार्ग तो वनसेवेचा. स्वयंसेवी संस्थांमधली कामं गोड असतात पण प्रकल्प संपला की संपतात. आरोग्य खात्यात प्रयोगशाळेतल्या जागांसाठी बीएस्सीवर डीएमएलटी मागतात. तो एका वर्षाचा आहे, स्वस्त आहे आणि हाताला लगेच काम देतो. फक्त संस्था मान्यताप्राप्त आहे का हे पॅरामेडिकल कौन्सिलकडे तपासल्याशिवाय पैसे भरू नका. गल्लोगल्ली त्याची दुकानं निघाली आहेत. शाळेत शिकवायचं तर दोन वर्षं बीएड, मग टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), मग टेट (अभियोग्यता चाचणी), मग शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलची वाट पाहणं. संयम असलेल्यांसाठी आहे.

म्हणून विषयाचा माझा सल्ला: मायक्रोबायोलॉजी किंवा बायोकेमिस्ट्री मुख्य, आणि जोडीला केमिस्ट्री कोणत्याही परिस्थितीत सोडू नये. बायोलॉजीची मुलं केमिस्ट्रीला कंटाळतात आणि मायनर (दुय्यम विषय) म्हणून काहीतरी सोपं घेतात. नंतर क्वालिटी कंट्रोलच्या निम्म्या जाहिराती त्यांच्यासाठी बंद होतात, कारण तिथे एचपीएलसी आणि टायट्रेशन अशा रासायनिक चाचण्या लागतात. बायोटेक्नॉलॉजी हे नाव भारदस्त आहे, पण पदवीच्या पातळीवर त्याला स्वतःची अशी नोकरी फारशी नाही. त्यातही एक गोम आहे. बारावीला बोर्डात पहिल्या एक टक्क्यात येणाऱ्यांना केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती वर्षाला ८० हजारांपर्यंत मिळू शकते, पण ती ठरावीक मूलभूत विज्ञान विषयांनाच. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र त्या यादीत आहेत. तुमच्या मुलीचे टक्के तेवढे असतील तर प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी यादी उघडून विषय ताडून पाहा. तसे नसले तरी महाडीबीटीवर तुमच्या प्रवर्गाची कोणती योजना लागू होते ते कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवर जाऊन विचारा. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, सेतूत जुलैमध्ये रांग असते.

तीन वर्षं की चार, हा प्रश्न आज सोडवायची गरज नाही. नवीन शैक्षणिक धोरणात तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं. चौथं वर्ष केलं तर ऑनर्स मिळते आणि मग एमएस्सी एका वर्षात होते. तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीपर्यंत तिचा कल कळेल, तेव्हा ठरवा.

बीएस्सीच्या शेजारची दारं तुम्ही पाहिलीत का, हे मात्र आत्ताच विचारते. बायोलॉजी आवडणाऱ्या मुलीला बीएस्सी नर्सिंग, बीफार्म आणि बीएस्सी कृषी हे तिन्ही रस्ते नीटच्या गुणांशिवाय, राज्याच्या सीईटीवर खुले असतात. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने या व्यावसायिक अभ्यासक्रमांत आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी घटकांतल्या, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. अट अशी की प्रवेश कॅप (केंद्रीय प्रवेश) फेरीतून हवा आणि कॉलेज खासगी विद्यापीठाचं किंवा अभिमत विद्यापीठाचं नको. पुण्याच्या त्या विद्यापीठाला म्हणूनच ती सवलत नाही. निव्वळ पैशाचा हिशेब केला तर नर्सिंग बीएस्सी बायोला सहज मागे टाकतं: चार वर्षांनी नोंदणीकृत परिचारिका, नोकरी भारतात कुठेही. कृषी पदवीला बँकेतले कृषी अधिकारी, कृषी खातं, बियाणं-खत कंपन्या अशा ठरलेल्या जागा आहेत, आणि घरची चार एकर बाग तिला प्रयोगाला आहेच. तिने सीईटी दिली आहे का हे तुम्ही लिहिलेलं नाही. दिली असेल तर कॅपच्या तारखा आज बघा. मात्र पेशंटची सेवा नको वाटते, रक्त-जखमा बघवत नाहीत अशी मुलगी फी माफ आहे म्हणून नर्सिंगला ढकलू नका. दुसऱ्या वर्षी ती परत येते.

ड्रॉपचं. नीटच्या क्लासची फी आणि नागपुरात राहणं मिळून वर्षाला दोन-अडीच लाख जातात, म्हणजे तुमच्या तीन वर्षांच्या बीएस्सीच्या खर्चाचा मोठा हिस्सा. ड्रॉपच्या विरोधात मी सरसकट नाही. पहिल्या प्रयत्नात अभ्यास झालाच नव्हता, आजारपण होतं, किंवा फिजिक्सने घात केला आणि बायोलॉजीत गुण भरपूर आहेत, अशा मुलीचं वर्ष कारणी लागू शकतं. मात्र दोन वर्षं चांगला क्लास लावून, रोज बसून अभ्यास करूनही बीएएमएसपासून बरीच दूर राहिली असेल, तर तिसऱ्या वर्षाने चित्र फार बदलत नाही. तिच्या तिन्ही विषयांचे वेगवेगळे गुण कागदावर मांडा, एकूण आकड्यापेक्षा त्यातून जास्त कळेल. मधली वाट हवी असेल तर नागपूरला बीएस्सीला प्रवेश घेऊन एकदा नीट देता येते. दोन्ही होईल अशी अपेक्षा धरू नका, पण वर्ष रिकामं जात नाही.

काटोलहून रोज ये-जा करावी का, हेही तुमच्या मनात असणार. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, रेल्वेचा महिन्याचा पास आणखी स्वस्त पडतो, त्यामुळे खोलीचे २ लाख ४० हजार वाचतात असं वाटतं. पहिलं वर्ष तसं काढता येईल. पण विज्ञान शाखेची प्रॅक्टिकल दुपारी असतात आणि ती संपता संपता चार-पाच वाजतात. गाडी चुकू नये म्हणून प्रॅक्टिकल अर्धं सोडून पळणारी मुलं मी पाहिलेली आहेत, आणि वर सांगितलेले ऑटोक्लेव्हचे प्रश्न नेमके त्यांनाच येत नाहीत. माझ्या मते दुसऱ्या वर्षापासून तिला नागपुरात ठेवा. मुलींच्या शासकीय वसतिगृहात प्रवर्गानुसार जागा असतात, त्यांचा अर्ज पहिल्याच वर्षी करा.

कॉलेज बघायला जाल तेव्हा ऑफिसच्या आधी लॅबमध्ये जा. एका बॅचला किती मुलं आणि सूक्ष्मदर्शक किती, लॅमिनार (निर्जंतुक हवेचं कामाचं कपाट) चालू आहे का की त्यावर कापड टाकून ठेवलंय, इन्क्युबेटरमध्ये आज काही ठेवलेलं आहे का, हे तुम्हाला बायोलॉजी न येताही दिसेल. शिकवणारे कायम आहेत की सगळे तासिकेवर, तेही विचारा. संकोच वाटत असेल तर तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला बाहेर चहाच्या टपरीवर गाठा, ती सगळं सांगते.

तुम्ही शेवटी विचारलं आहे की संत्र्याच्या गेल्या बहाराचे पैसे मुदत ठेवीत आहेत, ते आत्ता मोडू का. मोडू नका. नागपूरची तीन वर्षं दुकानाच्या चालू उत्पन्नातून निघतील अशी आखा. ती ठेव तिसऱ्या वर्षानंतर लागेल: एमएस्सीला, डीएमएलटीला किंवा पहिल्या नोकरीसाठी हैदराबादला खोली घेताना, जिथे अनामत आणि पहिला पगार होईपर्यंतचा महिना-दीड महिना हातचेच पैसे घालावे लागतात. सीईटीचा निकाल, प्रवर्ग आणि नीटचे विषयवार गुण कळवलेत तर नर्सिंग-कृषीच्या बाजूने की बीएस्सीच्या, हे मी जास्त नेमकं सांगू शकेन.